आमची वाटचाल: तयार सेट ते सुटं सामान

रत्नागिरीच्या आमच्या दुकानात गळानं मासे पकडायला शिकणाऱ्या नवशिक्यांसाठी सुरुवातीला एकच माल असायचा: रॉड, रील, तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा), गळ, वर चार प्लास्टिकचे मासे असा तयार सेट. खप चांगला, पण माल परतही तितकाच. रॉड मोडल्याची तक्रार क्वचित. बहुतेकदा खोट असायची रीलवर आयत्या गुंडाळलेल्या तंगुसात. जाड, कडक, वेटोळं धरून बसलेलं. फेकलं की गुंता.

म्हणून आधी ते तंगूस काढून टाकायला लागलो. 0.30 मिलिमीटरचं नवं, ओल्या फडक्यात चिमटीत धरून ताणानं भरतो आणि स्पूलच्या (रीलवरच्या तंगूस गुंडाळायच्या फिरकीच्या) काठाखाली दोन मिलिमीटरवर थांबतो. काठोकाठ भरलं तर वेटोळी ढिगानं सुटतात. कमी भरलं तर काठाला घासून फेक आखूड पडते.

मग दुमडणारा टेलिस्कोपिक रॉड मागे पडला. पिशवीत मावतो खरा, पण सांध्यात वाळू गेली की अडकतो. आता सात फुटी, दोन तुकड्यांचा फायबरचा रॉड देतो. घेताना प्रत्येक कडीतून कापूस फिरवून बघा. धागा अडकला तर तिथं चीर आहे, ती तंगूस कापणार.

रील 3000 नंबरची पुरते. खोक्यावरच्या बेअरिंगच्या आकड्याला भुलू नका, ड्रॅग, म्हणजे मासा ओढतो तेव्हा तंगूस हळूहळू सोडणारा रीलचा ब्रेक, झटके न देता सुटतो का ते पाहा. खाऱ्या पाण्यातून आल्यावर ड्रॅग घट्ट करून गोड्या पाण्याची हलकी धार, मग पुसून ड्रॅग सैल. एवढं टाळलं की महागडी रीलही गंजते.

गळांच्या नंबरांवर काउंटरवर सगळ्यात जास्त वेळ जातो, कारण आकडा वाढला की गळ लहान होतो आणि 1/0 पासून उलट. पालू माशाला 6 किंवा 4, तांबोशी माशाला 1/0. शंभराच्या स्वस्त पाकिटापेक्षा दहाच चांगले घ्या. टोक नखावर टेकवून हलकेच ओढा. घसरलं तर बोथट.

गळ बुडवायचं शिसं 20 ते 30 ग्रॅम. खडकात ते अडकतंच, त्यामुळे ते 0.20 मिलिमीटर तंगुसाच्या वेगळ्या तुकड्याला बांधायला सांगतो. तुटलं तर शिसंच जातं, गळ वाचतो. गाठ आवळण्याआधी ओली करा, नाहीतर घर्षणानं तापून तिथंच तुटते.

ब्रेड, म्हणजे बारीक धाग्यांची विणलेली दोरी, नवख्याला आम्ही विकत नाही. बोटं कापते आणि गुंता झाला की कात्रीच लागते.

धरणावर जाणाऱ्यांना चिलापीसाठी 8 ते 10 नंबरचे गळ देतो. तिथल्या मासेमारीचा ठेका बहुधा सहकारी संस्थेकडे असतो, तेव्हा आधी त्यांना विचारून या आणि मगच सामान न्या.