कोवळा पु-अर, मुरलेला पु-अर आणि मधली हवा

पु-अर चहा विकणारा दुकानदार वयाचा आकडा सर्वांत आधी सांगतो. दहा वर्षांचा, वीस वर्षांचा, तीस वर्षांचा. आकडा वाढत जातो तशी किंमत वाढते, आणि घेणाऱ्याच्या मनातली चवही वाढत जाते. नोकरीनिमित्त हाँगकाँगला राहत असताना मला या चहाची गोडी लागली. तेव्हापासून कोवळे आणि मुरलेले पु-अर शेजारी शेजारी ठेवून पीत आले आहे, आणि त्यातून माझे मत असे बनले आहे की नुसते वय या चहाविषयी फार थोडे सांगते. तो मुळात कोणत्या पानाचा होता आणि मधली वर्षे त्याने कोणत्या हवेत काढली, हे कळल्याखेरीज त्या आकड्याला अर्थ नाही.

ज्यांनी हा चहा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देते. पु-अर हा चीनच्या नैर्ऋत्य टोकाच्या युनान प्रांतातला चहा. शिश्वांगबान्ना, लिनत्सांग आणि पु-अर शहराच्या आसपासचे डोंगर हे त्याचे मुख्य प्रदेश. त्याची मोठ्या पानांची जात वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने आसामच्या चहाचीच आहे. (आसाम-अरुणाचलातले सिंगफो लोकही पाने भाजून, उन्हात वाळवून, बांबूच्या नळीत ठासून चुलीवरच्या धुरात ठेवतात; त्यांच्या त्या फलाप नावाच्या चहाची आणि पु-अरची तुलना हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.) युनानमध्ये खुडलेली पाने थोडी कोमेजू देतात, लोखंडी कढईत परततात, वळतात आणि उन्हात वाळवतात. हिरव्या चहाची पाने आचेवर पुरती वाळवतात; इथे मात्र परतणे बेताचे असते आणि पुढचे काम उन्हावर सोडलेले असते, त्यामुळे पानातली विकरे पूर्णपणे नष्ट होत नाहीत. ही पाने वाफ देऊन दगडी साच्याखाली दाबली की त्यांची चकती तयार होते. चकतीचे रूढ वजन 357 ग्रॅम. अशा सात चकत्या बांबूच्या सोपटात गुंडाळल्या की जवळपास बरोबर अडीच किलोंची एक थप्पी होते. हा झाला शंग, म्हणजे कच्चा पु-अर. तो आज पिता येतो आणि ठेवला तर वर्षानुवर्षे बदलत राहतो.

शौ, म्हणजे पिकवलेला पु-अर, हे अगदी अलीकडचे प्रकरण आहे. मुरलेल्या चहाची मागणी हाँगकाँगमध्ये वाढत होती आणि मुरण्याची वाट पाहायला कोणाला सवड नव्हती. तेव्हा 1973 मध्ये कुनमिंगच्या चहा कारखान्यातल्या तंत्रज्ञांनी पानांचे मोठे ढीग रचून, त्यांवर पाणी मारून, ते झाकून आंबवण्याची पद्धत बसवली. ढिगाच्या पोटात उष्णता साठते, ॲस्परजिलस नायजरसारख्या बुरश्या आणि इतर सूक्ष्मजीव कामाला लागतात, कामगार ढीग वरचेवर उलटेपालटे करतात, आणि साधारण दीड-दोन महिन्यांत पान काळपट तपकिरी होऊन बाहेर येते. ही पद्धत मुळात जुन्या चहाची नक्कल म्हणून निघाली. नक्कल साधली का, हे पुढे येईलच.

तुलना करायची तर निदान पानांची पाककृती तरी एकच असावी, म्हणून मी 7542 निवडला. मेंगहाई कारखान्याचा हा कच्च्या पु-अरचा सर्वांत प्रसिद्ध क्रमांक आहे. त्यातले 75 म्हणजे ती पाककृती ठरली ते 1975 साल, 4 ही पानांची सरासरी प्रत, आणि शेवटचा 2 हा मेंगहाई कारखान्याचा आकडा. कुनमिंगचा 1 आणि शियागुआनचा 3. चकती कोणत्या वर्षी दाबली हे या क्रमांकात नसते, त्यासाठी वेगळा आकडा छापतात. 7542 च्या पुढे 801 असेल तर ती 2008 ची पहिली खेप. नवखे ग्राहक 7542 पाहून ती चकती 1975 ची आहे असे समजतात, आणि काही विक्रेते तो समज दूर करण्याची घाई करीत नाहीत.

माझ्यासमोर चार चहा होते: मोजक्या वर्षांपूर्वीचा 7542, सुमारे वीस वर्षे कुनमिंगच्या कोरड्या हवेत राहिलेला 7542, साधारण त्याच वयाचा पण हाँगकाँगच्या दमट गोदामातून आलेला 7542, आणि त्याच कारखान्याचा 7572 हा पिकवलेला चहा. चौघांनाही सारखेच वागवले. शंभर मिलिलिटरच्या झाकणाच्या पेल्यात, म्हणजे गायवानमध्ये, सात ग्रॅम चहा; उकळते पाणी; पहिले पाणी ओतून टाकायचे; मग दहा सेकंदांपासून सुरुवात करून वेळ हळूहळू वाढवत न्यायची. कोवळ्या चहाला थोडे निवलेले पाणी वापरावे असे पुष्कळजण सांगतात. रोजच्या पिण्याला ते ठीक आहे. परीक्षेच्या वेळी मात्र चहाचे दोष झाकण्याचे कारण नाही.

कोवळ्या 7542 च्या चकतीवर बारीक, रुपेरी कोंबांची पाने पसरलेली दिसतात. फोडल्यावर आत मोठी आणि जाडीभरडी पाने लागतात. चहाचा रंग फिकट सोनेरी. वास वाळलेल्या गवताचा, फुलांचा, मागे किंचित धुराचा. पहिल्या दोन पेल्यांत तो मनमिळाऊ वाटतो, तिसऱ्यात कडवटपणा जिभेच्या मागच्या बाजूला येऊन बसतो आणि गाल व हिरड्या तुरटपणाने आवळल्यासारख्या होतात. मात्र घोट गिळल्यानंतर क्षणभराने घशातून गोडवा वर येतो. चिनी लोक त्याला हुई-गान म्हणतात. आवळा खाऊन वर पाणी प्यालेल्या कोणालाही तो समजावून सांगावा लागणार नाही. कोवळ्या पु-अरची सारी परीक्षा इथे आहे. कडू असणे हा दोष नाही. कडू येऊन तिथेच ठाण मांडून बसणे हा दोष आहे. या चहात कडवटपणा लवकर उतरला, तुरटपणा मात्र बराच वेळ रेंगाळला.

कुनमिंगचा चहा पेल्यात ओतताच फरक दिसला: रंग नारिंगीकडे झुकलेला, तांबूस आणि स्वच्छ. कुनमिंग समुद्रसपाटीपासून सुमारे 1,900 मीटर उंचीवर आहे, हवा कोरडी आणि थंड, त्यामुळे तिथे चहा सावकाश मुरतो. वीस वर्षांनंतरही या चहात कडवटपणाची एक बारीक रेघ शिल्लक होती, आणि मला ती हवीच होती. फुलांचा वास गेला होता. त्याच्या जागी मध, वाळलेले लाकूड आणि चौथ्या-पाचव्या पेल्यापासून कापराची हलकी झुळूक. तुरटपणा निम्म्याहूनही कमी झालेला, आणि चहाला तोंडात जाणवेल असा दाटपणा आलेला. हा बदल घडतो तो पानातली तुरट कॅटेचिन द्रव्ये हळूहळू ऑक्सिडीकरण होऊन मोठ्या, गडद रंगाच्या रेणूंत रूपांतरित होतात म्हणून. फिकट सोनेरी रंग तांबूस होतो तो त्याच कारणाने. कॅफिन मात्र वयाबरोबर नाहीसे होत नाही, तेव्हा जुना चहा रात्री निर्धास्त प्यावा हा सल्ला मी कोणाला देणार नाही. माझी तरी झोप त्याने उडते.

हाँगकाँगच्या चहाने पहिल्या पाण्यालाच तळघराचा वास दिला. ज्याला तो नको असेल त्याने दुसरे पाणीही ओतून टाकावे. तिथल्या गोदामांत चहा मुद्दाम दमट जागी ठेवून लवकर मुरवण्याची आणि नंतर कोरड्या जागी हलवून त्याचा कुबट वास उडू देण्याची रीत अनेक दशके चालत आली. यामागे कोणाची लबाडी नव्हती, गिऱ्हाईकाची आवड होती. सकाळच्या न्याहारीच्या उपाहारगृहांत वाफवलेल्या पदार्थांबरोबर जो बोलेय (पु-अरचे तिथले नाव) पितात, कधी त्यात शेवंतीची फुले घालून, तो मऊ आणि गडदच लागतो. तिथे कोवळ्या शंगचे काम नाही. चौथ्या पेल्यापासून या चहाचा कुबटपणा मावळला आणि खारीक, कापूर, जुन्या लाकडी कपाटाचा वास पुढे आला. तुरटपणा जवळजवळ नाही, कडवटपणा नावापुरता, पोत अतिशय गुळगुळीत. पण बोलणे लवकर संपले. कुनमिंगचा चहा दर पेल्याला थोडा वेगळा होत गेला, हा आठव्या पेल्यानंतर नुसता गोडसर राहिला. वय सारखे, पाककृती सारखी, आणि न सांगता प्यायला दिले असते तर हे दोन वेगळ्या कारखान्यांचे चहा आहेत असे मी पैजेवर म्हटले असते.

आता 7572. रंग जवळजवळ काळा, कडेला गडद लाल. पोत जाड, चव ओल्या मातीची आणि लाकडाची, पोटाला सौम्य. पहिला पेला आणि सहावा पेला यांत फरक फक्त दाटपणाचा. याला मी कमी लेखत नाही, तळलेल्या पदार्थांनंतर मला हाच चहा लागतो आणि खिशालाही तो परवडतो. पण मुरलेल्या शंगची जागा तो घेत नाही. ज्या द्रव्यांच्या सावकाश बदलातून जुन्या चहाला पदर सुटतात, ती द्रव्ये ढिगातल्या त्या दोन महिन्यांत बहुतांशी संपून जातात. नंतर शौ कितीही वर्षे ठेवला तरी ढिगाचा वास उडतो आणि तो स्वच्छ होतो, इतकेच. नक्कल म्हणून काढलेल्या वस्तूने स्वतःची वेगळी जात निर्माण केली, असे म्हणणे अधिक खरे आहे.

चव घेऊन झाल्यावर ओली पाने पाहणे मी कधी टाळत नाही, कारण वेष्टन खोटे छापता येते, पाने खोटी बोलू शकत नाहीत. चारी गायवानांतली पाने पांढऱ्या ताटलीत काढली. कोवळ्याची पाने हिरवट, लवचीक. अंगठा आणि बोटात धरून चोळले तरी फाटत नव्हती. कुनमिंगची पाने तपकिरी झाक असलेली, पण अजून उलगडणारी आणि शिरा स्पष्ट दाखवणारी. हाँगकाँगची गडद तपकिरी. काही उलगडली, काही आखडूनच राहिली. शौची पाने काळी, चिवटपणा गेलेली, आणि चोळताच त्यांचा लगदा झाला. तीस वर्षांचा कच्चा पु-अर म्हणून कोणी चहा विकत असेल आणि त्याची ओली पाने सगळीच काळी व आखडलेली निघाली, तर तो एक तर शौ आहे किंवा ओलाव्यात प्रमाणाबाहेर राहिलेला आहे.

मग ठेवण्यासाठी कोणता कोवळा चहा घ्यावा? माझ्या मते आज सर्वांत गोड लागणारा घेऊ नये. काही उत्पादक हल्ली कढईतली आच वाढवून पाने परततात. असा चहा पहिल्याच वर्षी हिरव्या चहासारखा सुगंधी आणि सौम्य लागतो, गिऱ्हाईक खूश होते, पण मुरण्यासाठी पानात काही उरत नाही आणि काही वर्षांत तो फिका पडतो. ठेवण्याच्या चहात कडवटपणा हवा, तो उतरून गोडवाही यायला हवा आणि पाण्याला वजन हवे. दाबण्याची रीतही पाहावी. शियागुआनचे घट्ट दाबलेले वाटीच्या आकाराचे तोच्छा सावकाश मुरतात. सैल दाबलेली चकती लवकर बदलते, पण तिचा वासही लवकर उडतो.

किमतींविषयी थोडक्यात. 2007 च्या वसंतात पु-अरचे भाव सट्ट्याने आकाशाला भिडले आणि त्याच वर्षी कोसळले. त्यानंतर बाजार सावरला आणि लाओ बानझांगसारख्या गावांची नावे पुन्हा सोन्याच्या भावाने विकली जाऊ लागली, पण त्या नावाने विकला जाणारा सगळा चहा त्या गावातला असणे शक्य नाही. पूर्ण चकती घेण्याआधी पंचवीस ग्रॅमचा नमुना मागवावा, आणि चहा कोणत्या शहरात ठेवला होता हे विचारावे. या प्रश्नाला विक्रेत्याने नीट उत्तर दिले नाही, तर पुढे बोलण्यात अर्थ नाही.

आपल्याकडे हा चहा मुरवता येईल का, असे मला पुष्कळजण विचारतात. साठ ते सत्तर टक्के आर्द्रता आणि बेताची उष्णता त्याला मानवते. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर राहते, तेव्हा तिथे जून ते सप्टेंबर चकत्या डब्यात बंद ठेवाव्यात आणि दर आठवड्याला उघडून पाहाव्यात. लोकरीसारखी हिरवी वा पिवळी बुरशी दिसली तर ती चकती टाकून द्यावी, पुसून पिऊ नये. पुण्यात प्रश्न उलटा आहे. मार्च ते मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की चहा आहे तिथेच थांबतो, म्हणून मी मातीच्या मडक्यात चकत्या ठेवते आणि उन्हाळ्यात आर्द्रता राखणारी छोटी पाकिटे सोबत टाकते. दोन्हीकडे एक पथ्य सारखेच आहे: मसाल्याचा डबा, उदबत्ती आणि कापूर यांच्या जवळपास चहा ठेवू नये. कापराचा वास त्याला आतून यायला हवा, देवघरातून नव्हे.