रिपोर्ट सेन्सिटिव्ह, तरी रक्तात कँडिडा येतच होता

मी हॉस्पिटलच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये आहे, पेशंट आम्हाला फारसे दिसत नाहीत, दिसतात त्या बाटल्या आणि प्लेट्स. पण ही एक केस अशी आहे की तिच्याबद्दल लिहायलाच हवं असं वाटतं, कारण अशा केसेस सगळीकडे होतात आणि दर वेळी सगळे पहिला संशय औषधावर घेतात.

आतड्याचं मोठं ऑपरेशन झालेला पेशंट, आयसीयूत, तोंडाने खाणं बंद म्हणून मानेतल्या मोठ्या शिरेत घातलेल्या नळीतून, म्हणजे सेंट्रल लाइनमधून, टीपीएन (थेट शिरेतून दिलं जाणारं पोषण) चालू, वर भारी अँटिबायोटिक्स. म्हणजे कँडिडा या बुरशीला जे जे लागतं ते सगळं एकाच ठिकाणी. ताप आला, ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी) पाठवलं, मशीनमध्ये बाटली पॉझिटिव्ह झाली आणि ग्रॅम स्टेनमध्ये, म्हणजे रंग देऊन मायक्रोस्कोपखाली बघितल्यावर, कळ्या फुटलेल्या यीस्ट (एकपेशी बुरशी) पेशी. लगेच फोन करून कळवलं. जर्म ट्यूब टेस्ट पॉझिटिव्ह, म्हणजे ३७ अंशाला सिरममध्ये २-३ तास ठेवल्यावर पेशींना बारीक नळ्या फुटल्या, पुढे कँडिडा अल्बिकन्स म्हणून नक्की झालं आणि फ्लुकोनॅझोल या बुरशीविरोधी औषधाला सेन्सिटिव्ह, म्हणजे ते लागू पडेल असं, आलं. औषध आधीच सुरू होतं, तब्येतही तेव्हा बरी स्थिर होती, त्यामुळे सगळे निश्चिंत.

पण ताप उतरेना आणि पुढची कल्चर्सही पॉझिटिव्हच. रजिस्ट्रारचा फोन आला, "मॅडम, सेन्सिटिव्हिटी परत एकदा बघाल का? रेझिस्टंट तर नाही ना झाला?" परत लावली, एमआयसी (वाढ थांबवायला लागणारं कमीत कमी औषध) तेवढाच कमी. मग मी त्याला म्हटलं लाइनमधून आणि हातातून एकाच वेळी, सारखंच रक्त घेऊन दोन्ही बाटल्या पाठव. लाइनची बाटली हाताच्या बाटलीच्या आधी पॉझिटिव्ह झाली, आणि तीही २ तासांपेक्षा बरीच आधी. २ तास किंवा जास्त फरक असला की संशय थेट लाइनवर जातो.

मी वर आयसीयूत गेले. तिथली अडचणही खरी होती, प्लेटलेट्स कमी म्हणून रक्तस्रावाची भीती, हातापायाच्या शिरा संपलेल्या, आणि टीपीएन त्याच लाइनवर. कन्सल्टंट सर म्हणाले, "औषध सेन्सिटिव्ह आहे तर लाइन ठेवून डोस वाढवून बघू का?" प्रश्न रास्तच होता. मी त्यांना एवढंच सांगितलं की सर, आमची टेस्ट द्रवात मोकळ्या तरंगणाऱ्या पेशींवर होते आणि तुमच्या पेशंटमधला कँडिडा प्लास्टिकला चिकटून बसलाय, त्याच्याबद्दल आमचा रिपोर्ट काहीच सांगत नाही.

हे नीट समजून घेण्यासारखं आहे. यीस्ट पेशी आधी कॅथेटरच्या भिंतीला चिकटतात, मग त्यातून लांब धागे फुटतात, हायफी, आणि सगळे मिळून स्वतःभोवती साखरेच्या लांब साखळ्या, प्रोटीन आणि डीएनएचं चिकट आवरण तयार करतात, एक-दोन दिवसात जाड थर तयार, यालाच बायोफिल्म म्हणतात. या आवरणातलं बीटा ग्लुकन फ्लुकोनॅझोलला वाटेतच धरून ठेवतं, आतल्या काही पेशी इतक्या सुस्त असतात की त्यांच्यावर औषधाचा परिणामच होत नाही, आणि प्रयोगांमध्ये तर बायोफिल्ममधल्या पेशींना हजारपट औषधही पुरलेलं नाही. वर त्या थरातून नव्या यीस्ट पेशी सुटून रक्तात जातच राहतात. रक्तातल्या मरतात, लाइन नवीन पाठवते. डोस वाढवून हे चक्र थांबत नाही.

शेवटी प्लेटलेट्स देऊन लाइन काढली, नवीन लाइन दुसऱ्या जागी टाकली, आणि फ्लुकोनॅझोल बंद करून एकायनोकँडिन गटातलं बुरशीविरोधी औषध सुरू केलं, कारण ते बीटा ग्लुकन तयार होणंच अडवतं आणि बायोफिल्मवर त्याचा जोर बराच जास्त असतो.

काढलेल्या लाइनचं टोक लॅबला आलं. ५ सेंटीमीटरचा तुकडा प्लेटवर फिरवायचा ही पद्धत माकी यांनी १९७७ मध्ये दिलेली, आम्ही अजून तीच वापरतो, १५ कॉलनीज (प्लेटवर उगवलेले ठिपके) आल्या तरी लाइनवर दोष ठेवायला पुरतात, इथे दुसऱ्या दिवशी मोजायला जागाच नव्हती. उरलेला तुकडा उभा चिरला तर आत साय धरल्यासारखा पांढरट थर, तो खरवडून कॅल्कोफ्लुअर हा चमकणारा रंग लावून फ्लोरोसंट मायक्रोस्कोपखाली ठेवला आणि अक्षरशः निळ्या-पांढऱ्या चमकणाऱ्या धाग्यांचं जंगल, मधेमधे यीस्टचे पुंजके. मी रजिस्ट्रारला खाली बोलावून घेतलं. तो बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, "हे सगळं रोज त्यांच्या रक्तात जात होतं?" हो, जात होतं.

त्यानंतर ताप उतरला, कल्चर्स निगेटिव्ह आली. डोळ्यांची तपासणी आणि इको करून घेतलं, कारण कँडिडा रेटिनावर आणि हृदयाच्या झडपांवरही जाऊन बसतो, दोन्ही नॉर्मल. औषधाचे १४ दिवस पहिल्या निगेटिव्ह कल्चरपासून मोजायचे असतात, औषध सुरू केल्यापासून नाही, हे मी फाइलवर स्वतः लिहून आले.

आता आमच्या लॅबमधून रक्तातल्या कँडिडाचा रिपोर्ट गेला की सेन्सिटिव्हिटीच्या खाली एक ओळ जाते: सेंट्रल लाइन असल्यास शक्य तितक्या लवकर काढण्याचा विचार करावा. आणि रजिस्ट्रारचा फोन आला की तोच आधी सांगतो लाइन किती दिवसांची आहे ते.