एक बल्ब कुठं लावायचा

लाईट गेली की आमच्याकडं पहिलं वाक्य ठरलेलं असतंय, "बघ की, शेजारची गेलीय का?" शेजारची पण गेली असेल तर जीवाला बरं वाटतं, आणि शेजारी उजेड असेल तर मग आपलाच फ्यूज उडालाय, म्हणजे स्टूल शोधा, टेस्टर शोधा, टॉर्चचे सेल कुणी रिमोटला घातले ते शोधा. 2019 च्या ऑगस्टमध्ये मात्र विचारायची गरज पडली नाही. गच्चीवर गेलं की चारी बाजूला अंधार, आणि नदीच्या बाजूनं बेडकांचा आवाज. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45, हे सांगलीतल्या शाळकरी पोराला पण पाठ असतं, त्या वर्षी पाणी 57 च्या वर गेलं. 2005 चा पूर बघितलेली माणसं "तेवढं काय येत न्हाई आता" म्हणून खाटेवर गाद्या रचून बसली होती, त्यांच्या गाद्या पण गेल्या.

आमचं घर विश्रामबागच्या बाजूला, तिथं पाणी आलं नाही. पाहुणे आले. गावभागातनं आत्या, मामा, त्यांचा पिंट्या, सूनबाई आणि आठ महिन्यांचं बाळ. आमची आजी, अण्णा, आई, मी, बायको, पोरगी. एकूण अकरा माणसं. इन्व्हर्टर होता, पण पहिल्या रात्री सगळे पंखे, टीव्हीवर बातम्या, आणि बाथरूमचा दिवा कोण बंद करतंय, पहाटे चारला त्यानं पीं पीं करून मान टाकली.

याच्यात एक गंमत आहे ती सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. कोयनेची वीज म्हणजे आपल्या भागाचा अभिमान, 1,960 मेगावॅट, सहलीला गेलं की गाईड तोंडपाठ सांगतो. पण ती वीज ज्या पाण्यावर होते त्यातलं बहुतेक पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातनं पलीकडं पोफळीला उतरतं आणि वाशिष्ठीतनं कोकणात जातं. आणि धरण भरल्यावर दरवाज्यातनं जे सोडतात ते कराडला कृष्णेला मिळून आमच्याकडं येतं. म्हणजे वीज करणारं पाणी कोकणात आणि वीज घालवणारं सांगलीत. वाटणी करणारा भाऊ थोरला असणार.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोर्चमध्ये चहा घेत उभा होतो आणि समोर माझी अॅक्टिव्हा उभी होती, टाकीत पाऊण टाकी पेट्रोल. आणि डोक्यात आलं की अरे, हे तर चाकावरचं जनरेटर आहे.

खरं म्हणजे ही कल्पना माझी नाहीच, अण्णांची आहे, आणि ती पण पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची. अण्णांकडं चेतक होती. आडवी करून किक मारायची, ऑईल मिक्स पेट्रोल, निळा धूर, सगळं. गौरी-गणपतीत एकदा ऐन आरतीच्या वेळी लाईट गेली, समया होत्या तरी आरतीचं पुस्तक दिसंना, तेव्हा अण्णांनी चेतक ढकलत दारात आणली, तोंड मखराकडं केलं आणि हेडलाईट लावला. आता त्या गाडीचा हेडलाईट सरळ मॅग्नेटोवर, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज करणाऱ्या चक्रावर, बॅटरीचा संबंध नाही, त्यामुळं रेस वाढवली की उजेड वाढणार आणि रेस सोडली की पिवळा होत होत विझायला येणार. मला एक्सलेटर धरायला उभं केलं. मी आरतीच्या तालावर पिळायला लागलो. "सुखकर्ता"ला गणपती पांढराशुभ्र, "दुःखहर्ता"ला पिवळा. आजीला ते इतकं आवडलं की ती पुढची कितीतरी वर्षं म्हणायची, "त्या साली गणपती श्वास घेत हुता." बाकीच्यांना मात्र धुरानं खोकला लागला आणि घालीन लोटांगण एकदम उरकतं घेतलं.

पण अॅक्टिव्हा म्हणजे चेतक नव्हे. हिच्यात बॅटरी असते. पाय ठेवायच्या जागेखालचं झाकण काढलं, आत बॅटरी बघितली आणि मला हसू आलं. श्रीखंडाच्या डब्याएवढी. 12 व्होल्ट, 4 अँपिअर-अवर. गुणाकार करा, 48 वॅट-अवर, म्हणजे 48 वॅटचा दिवा तासभर. आमच्या इन्व्हर्टरची बॅटरी 150 अँपिअर-अवरची, म्हणजे 1,800. असल्या सदतीस-अडतीस बॅटऱ्या रचल्या तर एक इन्व्हर्टर होणार. त्यात आणि स्कूटरची बॅटरी पूर्ण पिळायची नसते, अर्धी गेली की थांबायचं, नाहीतर ती परत उठत नाही. म्हणजे हातात राहिले 24. गाडी चालू ठेवली तर इंजिनाच्या कॉईलमधनं वीज तयार होते खरी, पण सगळी मिळून शंभरेक वॅट, ती पण रेस दिल्यावर, त्यातनं गाडीचा स्वतःचा खर्च वजा, आणि नुसती आयडलिंगला फुरफुरत ठेवली तर त्याहून किती तरी कमी.

हा हिशोब मी वहीच्या पाठीमागं मांडून हॉलमध्ये जाहीर केला. कुणाला पटला नाही.

मामांचं इन्सुलिन फ्रिजमध्ये होतं. "मोटर आहे की गाडीला," मामा म्हणले, "फ्रिज तेवढा चालव, बाकी आम्हाला काय नको." आता ह्यांना कसं सांगायचं. फ्रिज चालताना शंभर-दीडशे वॅट घेतो, ते पण जड, पण सुरू होताना कॉम्प्रेसर जो झटका मारतो तो त्याच्या कैक पट असतो, त्या झटक्यात गाडीची बॅटरी डोळे पांढरे करणार. शेवटी फ्रिजचं काम माठानं केलं. इन्सुलिनच्या बाटल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पिशवी डब्यात, डबा माठात, माठाला ओलं फडकं. डॉक्टरांना फोन करून विचारलं तर म्हणले चालतंय, फक्त उन्हात ठेवू नका. ऊन! आठवडाभर सूर्य बघितला नव्हता आम्ही.

पिंट्याची आयडिया याच्याहून भारी. त्याच्याकडं गाडीत लावायचा छोटा इन्व्हर्टर होता, 12 चे 230 करणारा. तो म्हणला, दादा, दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करू, एक पिन ह्याच्यात, एक भिंतीतल्या सॉकेटमध्ये, घरातले सगळे बोर्ड चालू. मी आयुष्यात पिंट्यावर पहिल्यांदा ओरडलो. असलं कधी करू नये. मेन स्विच चालू राहिला तर तो करंट उलटा घराबाहेर जातो, आणि बाहेर खांबावर तारेला हात लावून एखादा वायरमन उभा असतो जो बिचारा आपलीच लाईट आणायला आलेला असतो. शिवाय त्या मोकळ्या पिनेला बाळानं हात लावला असता तर?

आईचं म्हणणं वेगळंच, पावसात गाडी कशाला भिजवतोस, पॅसेजमध्ये आण, आतच चालू कर. तिला चेतकचा धूर आठवत होता, आताच्या गाडीला धूर कुठं असतो. धूर दिसत नाही आई, पण कार्बन मोनॉक्साईड असतो, त्याला वास नाही, रंग नाही, माणूस झोपतो आणि उठत नाही. तिनं गाडीकडं असं बघितलं जणू इतकी वर्षं आम्ही साप पोसत होतो. नंतर गाडी चालू असली की पोर्चची खिडकी पण लावून घ्यायला लागली.

मग उरलं काय? एक बल्ब आणि फोन.

बल्ब कोपऱ्यावरच्या अंडाभुर्जीच्या गाड्यावाल्यानं दिला. त्यांच्या गाड्यांवर 12 व्होल्टचे एलईडी असतात, सरळ बॅटरीवर चालणारे, म्हणजे इन्व्हर्टरची भानगड नाही आणि मधल्यामध्ये वीज खाणारं कोण नाही. त्याचा धंदा बंदच होता. "घेऊन जावा सायेब, वायर पण घ्या, चिमटे पण हैत." 5 वॅटचा बल्ब, त्यावर तेलाचा एवढा थर की पहिल्यांदा राख लावून पुसला, तरी तापला की भुर्जीचा वास यायचा. शाकाहारी आत्या तीन रात्री त्या उजेडात बसली पण नाकाला पदर होता. लाल चिमटा लाल टर्मिनलला, काळा काळ्याला, मध्ये एक छोटा फ्यूज घातला, आणि खिडकीच्या फटीतनं वायर आत घेतली. 24 भागिले 5, म्हणजे गाडी बंद ठेवून साडेचार-पाच तास. झोपायच्या वेळेपर्यंत आरामात.

फोनांचं गणित अवघड होतं. आठ फोन, त्यातला अण्णांचा बटणाचा, तो एकदा चार्ज केला की चार दिवस बघायला नको, म्हणून अण्णा त्या दिवसांत फार तोऱ्यात होते. बाकीचे सात. एका फोनला पंधरा-वीस वॅट-अवर जातात, सात फोन म्हणजे अख्खी बॅटरी दोन-तीनदा रिकामी. उभ्या गाडीवर हे करण्यात अर्थ नव्हता, पेट्रोल जळणार आणि चार्जिंग मुंगीच्या पावलानं. हायवे बंद, टँकर येत नव्हते, पंपावर रांगा. मग असं ठरलं की जो कोण दूध, भाजी, औषध बघायला गाडी घेऊन जाईल त्यानं दोन फोन न्यायचे, हँडलच्या यूएसबीला लावायचे आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून पुढच्या खणात टाकायचे. चालती गाडी चांगली चार्ज करते. पिंट्या मिरजेकडं जाऊन दूध न मिळता आला, पण मामांचा फोन 60 टक्के करून आला, तेव्हा घरात त्याचं स्वागत दूध आणल्यासारखंच झालं.

आणि बल्ब कुठं लावायचा याच्यावर खरी सभा भरली. मला वाटलं होतं वीज तयार करणं हेच काय ते अवघड काम. आई म्हणली स्वयंपाकघरात, भाकरी करपल्या तर कोण खाणार. मामा म्हणले बाथरूम, ओल्यात पाय घसरला तर दवाखाना पण पाण्यात आहे. सूनबाईला बाळाजवळ पाहिजे होता. पोरीला पुस्तक वाचायचं होतं असं ती म्हणली, मोबाईल नसल्यावर पोरं काय काय म्हणतात. आजीनं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणली, "पॅसेजमधी लाव की. सगळ्या खोल्यांची दारं तिथंच उघडत्यात."

लावला. पॅसेजच्या मध्यावर कपडे वाळत घालायच्या दोरीला. स्वयंपाकघरात अर्धा उजेड, बाथरूमात तिरका, खोल्यांच्या दारात एकेक पट्टी. आणि मग झालं असं की खोलीत कुणी बसेचना. चार फूट रुंद पॅसेजमध्ये अकरा माणसं दोन्ही भिंतींना पाठ टेकून बसलेली, पाय एकमेकांत, मधनं जायचं तर "सरका, सरका". ताटं तिथंच, पत्ते तिथंच. आत्या आणि अण्णा, ज्यांचं 2011 पासून जमिनीच्या तुकड्यावरनं नीट बोलणं नव्हतं, ते समोरासमोर आले कारण दुसरीकडं बसायला उजेड नव्हता. बोलले पण. जमिनीचं नाही, त्यांच्या लहानपणी पूर आला की कुणाच्या माळ्यावर झोपायला जायचे ते. साडेदहाला मी बाहेर जाऊन चिमटा काढायचो, तेव्हा आतनं एकदम "अरे अरे, थांब, डाव तरी संपू दे" असा आरडाओरडा.

चौथ्या रात्री साडेनऊच्या सुमाराला लाईट आली. टीव्ही आपोआप बोंबलायला लागला, पंखे फिरले, फ्रिजनं तो झटका मारला, अख्ख्या गल्लीतनं "आली रं आली". दोन मिनिटांत पॅसेज रिकामा. प्रत्येकजण आपापला चार्जर घेऊन आपापल्या सॉकेटकडं. आजी तेवढी तिथंच बसून राहिली, म्हणली लसूण सोलायचाय, हितं बरा उजेड हाय. ट्यूबलाईट हॉलमध्ये चालू होती, पण ती उठली नाही, आणि मी पण तिच्याजवळ बसून चार पाकळ्या सोलल्या आणि तिथंच पेंगलो.

त्या नादात बाहेर जाऊन चिमटा काढायचा राहिला. रात्रभर बल्ब जळला. सकाळी बटण दाबलं तर गाडी नुसती टक्. अण्णा पोर्चमध्ये दात घासत उभे होते, ब्रश तोंडातच, म्हणले, "किक हाय न्हवं का तिला?" आठव्या किकला सुरू झाली. मी भुर्जीवाल्याचा बल्ब फडक्यात गुंडाळला आणि परत द्यायला निघालो, तर तो गाडा धूत होता, म्हणला राहू दे की सायेब अजून दोन दिवस, कुणाला म्हाईत.

अजून माझ्याकडंच आहे तो.