घर नंतर शोधा, आधी एरिया बघा, आणि आपण तिथे एकटे आहोत असं धरून बघा

नोकरीसाठी अनोळखी शहरात जायचं ठरलं की आपण बहुतेक सगळे पहिल्यांदा घरांचे फोटो बघत बसतो, किचन केवढंय, बाल्कनी आहे का, उजेड येतो का वगैरे. नाहीतर मग ओळखीच्या चार जणांना विचारतो की तिथला चांगला एरिया कोणता. मला हे दोन्ही प्रश्न नंतरचे वाटतात. आपलं त्या शहरात कोणीच नसताना कुठल्या एरियात आपलं नीट निभेल, हे आधी बघायला हवं.

कारण असं की जुन्या शहरात एरिया थोडा गैरसोयीचा असला तरी चालून जातं, माणसं असतात ना. ताप आला तर कोणीतरी औषध आणून देतं, किल्ली आत राहिली तर मैत्रिणीकडे रात्र काढता येते, आलेलं पार्सल शेजारचे ठेवून घेतात. नवीन शहरात सुरुवातीचे काही महिने यातलं काहीच नसतं आणि ही सगळी कामं एरियालाच करावी लागतात. म्हणून कुठलाही एरिया बघताना मी मनात एकच चित्र धरते, की मला चांगला ताप आहे, घरी कोणी नाही आणि गाडी चालवायची ताकद नाही. अशा वेळी चालत जाऊन डॉक्टर मिळेल का, मेडिकल रात्री किती वाजेपर्यंत उघडं असतं, काहीतरी साधं खायला मिळेल का? ही कसोटी लावली की बरेचसे दिसायला सुंदर, शांत, हिरवेगार एरिया यादीतून आपोआप गळतात, कारण तिथे साधी सुई-दोरा घ्यायची तरी गाडी काढावी लागते. चालायचं अंतर मोजताना एवढं लक्षात ठेवा की साधारण चालीने 10 मिनिटांत 800 मीटर होतात, पण मॅपवर सरळ रेषेत 800 मीटर दिसणारी गोष्ट मध्ये रेल्वेलाइन किंवा मोठा हायवे आला की दोन किलोमीटरवर जाते.

आता ऑफिसचं अंतर. यावर सगळे बोलतात पण हिशोब कमी लोक करतात. लांबच्या एरियात घर स्वस्त आणि मोठं मिळतं हे खरंच आहे, पण एका बाजूने 45 मिनिटं जास्त म्हणजे रोजचा दीड तास, आणि महिन्याचे 22 दिवस धरले तर 33 तास. भाड्यात जे वाचतंय त्यातून वाढलेला प्रवासखर्च वजा करा, उरलेल्याला या 33 तासांनी भागा, आणि जो आकडा येईल त्या दराने तुम्ही रोज संध्याकाळी उभ्याने काम कराल का ते स्वतःला विचारा. स्टुत्झर आणि फ्राय या दोन अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतल्या लोकांच्या अनेक वर्षांच्या माहितीवरून हेच तपासलं होतं. लांबून ये-जा करणाऱ्याला त्या बदल्यात चांगलं घर किंवा चांगला पगार मिळतो, म्हणजे हिशोब बरोबरीत सुटायला हवा, पण तसं होत नाही, जेवढा प्रवास जास्त तेवढे लोक आयुष्याबद्दल कमी समाधानी निघाले. मला हे अगदी पटतं, कारण मोठ्या खोलीची सवय पटकन होते पण ट्रॅफिकची नाही होत. आणि नवीन माणसाच्या बाबतीत तर अजून एक गोष्ट आहे, ओळखी वाढवायला जी संध्याकाळ लागते तीच प्रवासात जाते.

मॅपवर वेळ बघताना मात्र रविवारी दुपारी बघू नका. मॅपमध्ये निघायची किंवा पोचायची वेळ टाकता येते, तिथे कामाच्या दिवसातली सकाळ टाका, मग परत यायची वेळ वेगळी टाका, कारण जाताना आणि येताना पुष्कळ फरक पडतो. शक्य असेल तर एकदा त्याच वेळेला प्रत्यक्ष तो प्रवास करून बघा, बसमध्ये किंवा ट्रेनमध्ये चढायला तरी मिळतं का हे मॅप सांगत नाही.

आता शेजाराबद्दल. मला सगळ्यात जास्त हेच सांगायचंय. 1950 मध्ये फेस्टिंगर हा मानसशास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एमआयटी या अमेरिकेतल्या विद्यापीठाच्या विद्यार्थी कुटुंबांच्या वसाहतीचा अभ्यास छापला. माणसं बहुतेक एकमेकांना अनोळखी, घर जसं रिकामं होईल तसं मिळालेलं, म्हणजे आपल्यासारखीच परिस्थिती. तिथे एका मजल्यावर लागून दार असलेल्यांमध्ये 41 टक्के जोड्यांत मैत्री निघाली, मध्ये एक दार असेल तर 22 टक्के, आणि मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांमध्ये फक्त 10 टक्के! जिन्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांची वरच्या मजल्याशी जास्त ओळख, कारण येता-जाता तोंड दिसतं. मग 1972 मध्ये अॅपलयार्ड या शहररचनेच्या अभ्यासकाने सॅन फ्रान्सिस्कोतल्या तीन सारख्याच रस्त्यांची तुलना छापली, ज्या रस्त्यावर दिवसाला साधारण 2,000 गाड्या जायच्या तिथल्या माणसाला त्याच रस्त्यावर सरासरी 3 मित्र होते आणि जवळपास 16,000 गाड्या जायच्या तिथे 0.9. म्हणजे आपण जिला 'माणसं चांगली आहेत तिथली' म्हणतो ती गोष्ट बऱ्याच अंशी रस्ता आणि दारं कशी आहेत यावर ठरते.

म्हणून एरिया बघायला जाल तेव्हा घराच्या आत जेवढा वेळ द्याल तेवढाच बाहेर द्या, संध्याकाळी सात-साडेसातला गल्लीच्या तोंडाशी उभे राहा आणि बघा, लोक थांबून बोलतायत का, मुलं बाहेर आहेत का, म्हातारी माणसं एकटी फिरतायत का, बायका उशिरा आरामात चालत येतायत का. मला सुरक्षिततेची याहून खरी खूण माहीत नाही. रात्री दहानंतर पुन्हा एक चक्कर मारा, रस्त्यावरचे दिवे लागतात का तेही कळतं. आणि हो, पाऊस पडून गेल्यावर तोच रस्ता बघायला मिळाला तर सोडू नका, नाहीतर खालच्या मजल्याच्या भिंतीवर पाण्याची रेघ आहे का ते तरी बघा.

ऑफिसमधल्या लोकांना विचाराल तेव्हा 'कुठला एरिया चांगला' असं नका विचारू, प्रत्येकजण स्वतः राहतो तोच सांगतो. तुम्ही घरातून किती वाजता निघता, पाणी कधी बंद असतं, आता परत घर घ्यायचं झालं तर तिथेच घ्याल का, असं विचारा. शेवटच्या प्रश्नाला माणूस जरा थांबला की त्यातच उत्तर कळतं.

आणि एवढं सगळं करूनही लांबून सगळं कळत नाही, त्यामुळे पहिला महिना-दोन महिने ऑफिसजवळ एखादी तात्पुरती खोली घेऊन राहावं आणि मग घर ठरवावं असं माझं ठाम मत आहे, महाग पडलं तरी. तेही जमत नसेल तर अॅग्रीमेंटमध्ये लॉक-इन, म्हणजे ज्या काळात घर सोडता येत नाही तो काळ, कमीत कमी ठेवायला सांगा, नोटीस किती दिवसांची आणि डिपॉझिट कधी परत मिळणार हे लिहून घ्या, आणि लगेच मोठं फर्निचर घेऊ नका.

जोडीदार सोबत येणार असेल आणि त्याची किंवा तिची तिथे अजून नोकरी ठरलेली नसेल, तर एरिया त्या व्यक्तीने ठरवावा. ऑफिसला जाणाऱ्याला निदान ऑफिसात माणसं भेटतात, दिवसभर घरी असणाऱ्याला जे काही मिळणार ते त्या गल्लीतूनच मिळणार. तुम्ही एकटेच घर बघायला जाणार असाल तर व्हिडिओ कॉल लावून खोल्या दाखवा, आणि मग खाली उतरून कॉल चालू ठेवूनच कोपऱ्यापर्यंत चालत जा.