तंबूतल्या विजेचा हिशेब

एप्रिलमध्ये पवना धरणाच्या काठी दोन रात्री तंबूत राहायचे ठरले, तेव्हा सौर संचासाठी पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या बाजारात, तपकीर गल्लीत जाण्यापूर्वी मी वहीत हिशेब मांडला. दोन फोनना रोज सुमारे ३० वॉट-तास, पाच वॉटचा एलईडी कंदील पाच तास लावल्यास २५ आणि कॅमेऱ्याच्या दोन बॅटऱ्यांना साधारण १६, म्हणजे दिवसाला ७१ वॉट-तास लागणार होते. मिलीअँपिअर-तासांच्या मोठ्या आकड्यांना मात्र भुलू नये, कारण २०,००० मिलीअँपिअर-तासांची पॉवर बँक ३.७ व्होल्टला जेमतेम ७४ वॉट-तासांची भरते आणि त्यातलाही काही भाग रूपांतरात वाया जातो.

बॅटरी मी लिथियम आयर्न फॉस्फेटचीच घेतली. ती वजनाला थोडी जड असली, तरी उष्णतेत अधिक सुरक्षित असते आणि हजारो वेळा भरता येते.

खरी फसगत होते ती पॅनेलच्या बाबतीत. त्यावरचा ६० वॉटचा आकडा प्रति चौरस मीटर १००० वॉट प्रकाश आणि २५ अंश तापमानाच्या सेलसाठी असतो. आपल्याकडच्या चैत्रातल्या उन्हात पॅनेल पार तापते, त्यामुळे चाळीसेक वॉट मिळाले तरी मी समाधानी असतो. त्यातच आंब्याच्या एका फांदीची सावली थोड्याशा भागावर पडली, तरी वीज कितीतरी घटते. म्हणून पॅनेल उन्हात ठेवून बॅटरी सावलीत ठेवता येईल एवढी लांब केबल मी आवर्जून मागून घेतली. पावसाळी मुक्कामाला मात्र मी बॅटरी घरूनच भरून नेतो आणि पॅनेल माळ्यावर ठेवतो.