शिफूनं राखून ठेवलेला डाव

‘कुंग फू पांडा’ या ॲनिमेशनपटातलं माझं लाडकं पात्र म्हणजे शिफू, कुंग फू शिकवणारा वस्ताद. सिनेमाचा नायक, लठ्ठ पांडा पो, सगळ्यांनाच आवडतो, त्यात काय विशेष? शिफू हा लाल पांडा. सिक्कीमचा राज्यप्राणी हाच, म्हणजे थोडा आपलाही म्हणायचा. (चीनशी आम्हा सोलापूरकरांची ओळख तशी जुनीच आहे, डॉ. कोटणीस इथलेच.)

हा शिफू मला कळला तो अण्णांमुळे. अण्णा, माझे वडील. मिलमध्ये चिकटायच्या आधी तालमीच्या लाल मातीत वाढलेले. मे महिन्यात दुपारी आमच्याकडं कुणी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही, त्यामुळं पोरांनी हिंदीतला पांडा लावला तेव्हा तेही तिथंच होते, पेपरात तोंड घालून. पो नूडल्सची गाडी ओढत पायऱ्या चढायला लागला तसा पेपर खाली आला. “ह्यो काय करलालाय बे?” धाकट्यानं सांगितलं, हा ड्रॅगन वॉरियर, म्हणजे सगळ्यात मोठा कुंग फू लढवय्या होणार. अण्णा खो खो हसले.

पुढं मात्र ते पोरांकडं बघेनात, शिफूकडंच बघत राहिले. त्यानं स्वतः वाढवलेला पठ्ठ्या ताय लुंग उलटतो आणि याचा हात त्याच्यावर उठत नाही. तिथं अण्णा एवढंच म्हणाले, “वस्तादाचं असंच होतंय.” हा हिमबिबट्या ताय लुंग वीस वर्षं तुरुंगात. कैदी एक, पहारेकरी हजार. पहारा वाढवा म्हणून निरोप घेऊन पक्षी जातो आणि त्याच्याच गळलेल्या पिसानं ताय लुंग बेड्यांचं कुलूप काढतो. विनोदी सिनेमात इतकी बेरकी पटकथा मी फार थोड्या वेळा पाहिली आहे.

पण सिनेमाचा जीव मोमोच्या प्रसंगात आहे. पो दुःख झालं की खातो, आणि खायला मिळणार असेल तर फडताळावरही चढतो, हे शिफूला दिसतं. मग तो त्याच्यापुढं आपल्या जुन्या शिष्येची, वाघिणीची तालीम ठेवत नाही, खाणंच ठेवतो. चॉपस्टिकांची ती झटापट, शेवटच्या मोमोसाठी उडालेली भांडी! तो मोमो हातात आल्यावर पो “भूक नाही” म्हणून परत टाकतो, तेव्हा अण्णांनी मांडीवर थाप मारली. खुराकाचा असा उपयोग त्यांच्या वस्तादालाही सुचला नसता.

मग आला शेवटचा डाव, बोटाची पकड. ताय लुंग म्हणतो, शिफूनं तुला हे शिकवलंच नाही. अण्णा खुशीत आले: “वस्ताद एक डाव राखून ठेवतोय, आता बघा!” आणि पो म्हणाला, मला माझं मीच जमवलं. अण्णांचा चेहरा पडला. “डाव असा सुचत नसतोय,” म्हणाले, आणि चहा होईपर्यंत तेच चाललं होतं. मला त्यांचं पटतं. ड्रॅगन वॉरियरसाठी राखलेली गुंडाळी कोरी निघते, पोच्या बापाच्या सूपात गुप्त मसाला नसतोच, हे सगळं ठीक. पण अंगाला वळण लावलं ते शिफूनंच.

थोरलीचं भांडण वेगळं. तिचं म्हणणं, लहानपणापासून राबली ती वाघीण, मग निवड या ऐनवेळी टपकलेल्याची का? २००८ च्या या सिनेमाकडं त्याचं उत्तर नाही. शिफूच्या गुरूनं, म्हाताऱ्या कासवानं बोट दाखवलं आणि ठरलं. दुसऱ्या भागात (२०११, दिग्दर्शन जेनिफर यू नेल्सन) वाघिणीच्या वाट्याला बरंच काही आहे आणि तो भाग पोरीला तोंडपाठ आहे. २०२४ चा चौथा भाग लावला तर त्यात वाघीण जवळपास नाहीच, आणि वारसदार नेमायची वेळ आली तेव्हा मान गेला एका चोरट्या कोल्हिणीला. अण्णा आणि नात, दोघंही एका सुरात ओरडले. रिमोट कुणी दाबला ते कळलं नाही, पण नंतर क्रिकेट लागलं.