आमची वाटचाल : आधी ऐकायचं, मग टेप काढायची

आमचं काम ऑर्डरप्रमाणे ऑफिस फर्निचर बनवायचं. छोट्या वर्कशॉपमधून सुरुवात, मग माणसं वाढली, मशिनी आल्या, हे सगळ्यांचंच थोडंफार असंच असतं म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही. पण आमचा धंदा टिकला तो गिऱ्हाइकाचं नीट ऐकून घेण्यावर, असं मला अगदी मनापासून वाटतं.

आमच्या लाईनमध्ये गिऱ्हाईक पहिल्याच वाक्यात खरी गरज सांगत नाही. लपवत नाही हो, त्यालाच ती बोलता बोलता कळत जाते. एक मॅडम आल्या, म्हणाल्या टेबल मोठं पाहिजे. लगेच माप घेऊन कोटेशन देता आलं असतं, पण आमच्या सुपरवायझरने विचारलं, "आत्ताच्या टेबलावर काय अडचण होते?" आणि तो गप्प राहिला. मग हळूहळू निघालं की प्रिंटर आणि वायरींनीच निम्मं टेबल व्यापलंय, फायलींना जागाच नाही. शेवटी टेबल आहे तेवढंच ठेवलं, बाजूला प्रिंटरसकट फायलींचं युनिट दिलं आणि वायरी मागून खाली सोडल्या.

हे गप्प राहणंच सगळ्यात अवघड. २००९ साली संशोधकांनी १० भाषांमधली बोलणी तपासली, तर प्रश्न संपून उत्तर सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो असं दिसलं. एवढ्यात कोणाला उत्तर सुचणार? म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपली मनात जुळवाजुळव चालू असते आणि त्याचं शेवटचं बोलणं निसटतं, आणि गिऱ्हाईक तर नेमकं शेवटीच म्हणतं, "बाकी सगळं ठीक, फक्त एक..."

दुसरी सवय म्हणजे ऐकलेलं आपल्या शब्दांत परत बोलून दाखवायचं. कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये ॲक्टिव्ह लिसनिंग, म्हणजे मन लावून ऐकणं, म्हणून जे मांडलं त्यात हे आहेच. आमच्याकडे तक्रारीचा फोन आला की आधी पूर्ण बोलू द्यायचं आणि मग विचारायचं, "म्हणजे ड्रॉवर भरलेला असतानाच अडकतो, रिकामा नाही, बरोबर?" भरल्यावरच अडकत असेल तर बहुतेक चॅनलला, म्हणजे ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या पट्टीला, वजन झेपत नाहीये, रिकामा पण अडकत असेल तर आधी फिटिंग बघायचं. नीट ऐकलं की दुरुस्तीला जाणारा आमचा माणूस योग्य सामान घेऊनच निघतो.

घरात मात्र थोडं वेगळं असतं हां. तिथे दमून आलेल्या माणसाला दरवेळी उपाय नको असतो, म्हणून मी आता सरळ विचारते, "काही सुचवू का नुसतं ऐकू?" बऱ्याचदा उत्तर येतं, नुसतं ऐक.

आता पहिल्या मीटिंगला आमचे सुतारकाका पण येतात. मी बजेट आणि डिलिव्हरीकडे कान लावून असते, पण "खुर्ची मागे सरकवली की भिंतीला लागते" हे जाता जाता बोललेलं वाक्य त्यांच्याच वहीत सापडतं, म्हणून ड्रॉइंग सुरू करायच्या आधी दोघांच्या वह्या शेजारी ठेवून वाचतो.